बाल्डर्स गेट ३ घ्यावा का? (वय ४१, लॅपटॉप जुना, वेळ रात्री साडेनऊनंतर)

निवांत_नाना | १२ ऑगस्ट २०२३, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. गेले नऊ दिवस जिकडे जावं तिकडे या एकाच कॉम्प्युटर गेमचं नाव ऐकतोय. ऑफिसातली पंचविशीतली पोरं डबा खाताना फाशांच्या गोष्टी करतात, यूट्यूब उघडलं की तेच. स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) किंमत २,९९९ रुपये. बटणापर्यंत बोट तीनदा गेलं आणि तीनदा परत आलं.

पार्श्वभूमी सांगतो. सांगलीला हॉस्टेलवर असताना रूममेटच्या पेंटियम थ्रीवर या मालिकेचा दुसरा भाग खेळलो होतो. खेळलो म्हणजे काय, रात्री दोन ते पाच माझी पाळी असायची. चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, हे उलटं गणित डोक्यात शिरायलाच एक सेमिस्टर गेलं. पण ती नशा अजून आठवते. मग नोकरी, लग्न, मुलगी, नाशिकला बदली, फ्लॅटचे हप्ते. गेली दहा वर्षं गेम म्हणजे फोनवर रंगीत गोळ्या फोडणं.

आता अडचणी. लॅपटॉप २०२० चा. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, रॅम ८ जीबी, २५६ जीबीची एसएसडी (त्यातले ६० शिल्लक) आणि १ टीबीची साधी हार्ड डिस्क. वेळ रात्री साडेनऊ ते सव्वादहा, आठवड्यातून फार तर चार दिवस. त्यातच अण्णा (वडील, वय ७६) हॉलमध्ये बातम्या बघत असतात, म्हणजे इअरफोन आलेच. आणि मुख्य म्हणजे मारामारी पाळीपाळीने चालते म्हणे. मी एक वार करायचा, मग हातावर हात ठेवून बसायचं, मग समोरच्याने करायचा. दिवसभर ऑफिसात ईमेलवर हेच करतो की.

तर घ्यावा का? आत्ता की सेलमध्ये? गोष्ट कृपया फोडू नका.

मठ्ठ_मांजर | १२ ऑगस्ट २०२३, रात्री १०:१६

घ्या.

धागा संपला, दिवे मालवा.

तिरका_फासा | १२ ऑगस्ट २०२३, रात्री ११:०२

नाना, पाळीपाळीच्या मारामारीला तुम्ही ईमेल म्हणालात म्हणून लिहायला बसलो.

मी गेली सहा वर्षं पुण्यात दर रविवारी मित्रांच्या घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळवतो. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि भडंग. मूळ खेळ १९७४ चा. बाल्डर्स गेट ३ त्याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे. तुमचं उलटं चिलखत दुसऱ्या आवृत्तीतलं होतं. आता आकडा जास्त म्हणजे चिलखत चांगलं, तेवढी अडगळ गेली.

पाळी आली की तुमच्या हातात फक्त 'वार' नसतो. चौघांची टोळी असते. एक जण उंचावर चढला की त्याच्या नेमाला दोनाची भर. शत्रू कड्याच्या टोकाला उभा असला तर तलवार उपसायचीच गरज नाही, नुसता ढकलायचा. जमिनीवर तेल सांडून ठिणगी टाका. समोरच्यावर पाणी ओता आणि मग वीज सोडा, ओल्या माणसाला विजेचा मार दुप्पट बसतो. मी एका चढाओढीत पंचवीस मिनिटं नुसता विचार करत बसलो होतो आणि मजा त्या विचारात होती. कॅरम खेळताना स्ट्रायकर लावून आपण कोन बघत बसतो, तसं. त्याला कोणी ईमेल म्हणत नाही!

शिवाय अर्धा खेळ मारामारीचा नाहीच, बोलण्याचा आहे. दारावर पहारेकरी असेल तर थापा मारून आत जा, धमकावून जा, नाहीतर मांजराला वाट विचारून मागच्या भोकातून जा. प्राण्यांशी बोलता येतं, मेलेल्यांशीही बोलता येतं. प्रेताला पाच प्रश्न विचारायची मुभा असते. मात्र त्याला तुम्हीच मारलं असेल तर ते तोंड फिरवतं. मग वेष बदलून जायचं.

घ्या आणि आत्ताच घ्या.

मठ्ठ_मांजर | १२ ऑगस्ट २०२३, रात्री ११:०५

मांजराला वाट विचारून? आम्ही सांगणार नाही.

जळका_पंखा | १३ ऑगस्ट २०२३, सकाळी ८:४०

सगळे उत्साहात आहेत, मी जरा थंड पाणी ओततो.

कंपनीने सांगितलेली किमान गरज: इंटेल आय५-४६९० किंवा त्याच्या तोडीचं काही, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ४८०, आणि १५० जीबी जागा, तीही एसएसडीवर. नीट चालायला हवं असेल तर आरटीएक्स २०६० सुपर आणि १६ जीबी रॅम. नाना, तुमचं लॅपटॉपवालं १६५० हे ९७० च्या जरा खालीच बसतं. म्हणजे चालेल, पण घाट चढताना एसटी चालते तसं.

माझ्याकडे हेच कार्ड आहे, फक्त रॅम १६. सगळी सेटिंग लो वर, एफएसआर (चित्र लहान काढून मोठं करायची, वेग वाढवणारी सोय) चालू, आणि पहिल्या अंकात (गेमचे अंक तीन) सेकंदाला तीसच्या आसपास फ्रेम मिळतात. पाळीपाळीचा खेळ असल्यामुळे तीस खुपत नाहीत. धावाधावीचा असता तर डोकं धरून बसलो असतो.

आता महत्त्वाचं. कोणी तरी येऊन सांगेल की स्टीमवर १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलात तर पैसे परत मिळतात, घेऊन बघा. बरोबर आहे, पण ही परीक्षा फसवी आहे. पहिले दोन तास एका जहाजावर आणि किनाऱ्यावर जातात, तिथे काहीही चालतं. खरा भार तिसऱ्या अंकात, शहरात. गर्दी, घरं, प्रत्येक जण आपापल्या कामाला निघालेला, त्यामुळे प्रोसेसरची दमछाक होते. जे मित्र तिथे पोचलेत त्यांच्या चांगल्या मशीनसुद्धा अडखळतात. तुम्ही तिथे पोचाल तेव्हा साठ तास झालेले असतील. मग कसला रिफंड आणि कसलं काय.

म्हणून हिशोब २,९९९ चा नाही. ८ जीबी रॅमची एक पट्टी आणि १ टीबीची एसएसडी धरा. सगळं मिळून आठ-नऊ हजारांपर्यंत जाईल. साध्या हार्ड डिस्कसाठी सेटिंगमध्ये एक वेगळा पर्याय आहे, पण तो नाइलाजाचा उपाय आहे.

पोळीचा_लाडू | १३ ऑगस्ट २०२३, सकाळी ९:१२

दोन तास तर माझे पात्र बनवण्यातच गेले. नाक पसंत पडेना. रिफंडची मुदत नाकातच संपली.

खडूस_कोल्हापुरी | १३ ऑगस्ट २०२३, सकाळी ११:३०

घेऊ नका नाना.

माझा नियम सोपा आहे. कुठलाही गेम आला की दोन वर्षं थांबायचं. तोवर चुका दुरुस्त होतात, किंमत उतरते, आणि ज्यांना घाई होती ते फुकटात आपल्यासाठी चाचणी करून ठेवतात. विचर ३ मी असाच घेतला, सगळ्या जोडण्यांसकट, चारशेच्या आत. खेळलो तेव्हा एक बग दिसला नाही.

दुसरं म्हणजे फासा. तुमचा योद्धा समोरच्याच्या नाकासमोर उभा आहे, पडद्यावर लिहिलंय ७० टक्के, आणि गडी तीन वेळा हवेत तलवार फिरवतो. हा काय खेळ झाला? एल्डन रिंगमध्ये मी मेलो तर माझ्या हातामुळं मेलो. इथं मेलो तर नशिबामुळं. नशिबाची हौस असेल तर लॉटरीचं तिकीट घ्यावं, १५० जीबी कशाला उतरवायचे?

तिरका_फासा | १३ ऑगस्ट २०२३, दुपारी १२:१५

खडूस भाऊ, ७० टक्क्यांवर सलग तीनदा चुकायची शक्यता २.७ टक्के. म्हणजे रोज खेळलात तर आठवड्यात एकदा होणारच. आपल्याला ते तेवढंच लक्षात राहतं.

शिवाय नशीब वळवायचेच तर सगळे डाव आहेत. समजा १५ गाठायचेत आणि तुमची भर ३ ची आहे. म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त हवेत, शक्यता ४५ टक्के. आता काहीतरी युक्ती करून दोन फासे टाकायची सवलत मिळवलीत आणि त्यातला मोठा धरलात की तीच शक्यता ७० च्या घरात जाते. कोणीतरी मागून आशीर्वाद दिला की आणखी चार बाजूंचा एक फासा जोडीला. तयारी करणाऱ्याला फासा साथ देतो. तरी १ पडला की सगळं मुसळ केरात, एकच फासा असेल तर ती ५ टक्क्यांची भीती मात्र कायम. मला विचाराल तर चव तिथेच आहे.

सेटिंगमध्ये 'कर्मिक डाइस' नावाचा पर्याय आहे, तो सलग अपयशाची रांग लागू देत नाही. कर्म इथेही सुटलं नाही.

आठ_बावन्नची_फास्ट | १३ ऑगस्ट २०२३, दुपारी ३:०५

पैशाचं सगळे बोलले, वेळेचं कोणी बोलेना. नानांनी स्वतःच आकडे दिलेत ते मांडतो. पाऊण तास गुणिले चार, आठवड्याला तीन तास. हा गेम सावकाश खेळणाऱ्याला शंभर तास सहज लागतात. म्हणजे ३३ आठवडे. १५ ऑगस्टला झेंडावंदन करून बसलात तर पुढच्या गुढीपाडव्याच्या सुमारास उठाल. मध्ये गणपती, दिवाळी, मुलीच्या परीक्षा धरलेल्याच नाहीत.

मी डोंबिवली-सीएसएमटी रोज तीन तास प्रवास करतो. घरी आल्यावर माझा फासा रोज १ पडतो. मी फक्त असे धागे वाचतो, त्यातच माझा गेम होतो.

पोळीचा_लाडू | १३ ऑगस्ट २०२३, दुपारी ३:२०

शंभर तासांचे २,९९९ म्हणजे तासाला तीस रुपये! मल्टिप्लेक्समध्ये तीस रुपयांत पॉपकॉर्नचा वासही येत नाही.

खडूस_कोल्हापुरी | १३ ऑगस्ट २०२३, दुपारी ३:४४

तासाला तीस रुपये हा पे अँड पार्कचा हिशोब झाला. गेम असा मोजत नसतात. एक्केचाळिशीत तीस रुपये स्वस्त असतात, तास महाग असतो. शंभर तास जाणार हे गुणवत्तेचं लक्षण म्हणून सांगताय, मला तर ती धमकी वाटते.

वेलांटी_दुसरी | १३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ५:१०

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण नाना 'घ्यावा' म्हणतात म्हणून विचारते. गेम तो की ती? आमच्या विदर्भात 'ती गेम खेळली' म्हणतात.

मठ्ठ_मांजर | १३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ५:११

विकत घेईपर्यंत तो. घेतल्यावर रात्रभर जागवते ती. लॅपटॉप बंद पडला की ते.

वेलांटी_दुसरी | १३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ५:३०

हा प्रतिसाद व्याकरणाच्या पुस्तकात जायला हवा.

मेतकूट | १३ ऑगस्ट २०२३, रात्री ९:४८

मी आणि नवरा दोघं मिळून खेळतोय, पीसी टीव्हीला जोडून, दोन कंट्रोलर घेऊन. एकच प्रत लागते, पडदा मधोमध दुभंगतो. नाना, तुमच्या १६५० वर हे करू नका, दोन पडदे म्हणजे दुप्पट ओझं.

आमच्या घरातली गंमत सांगते, गोष्ट फुटणार नाही इतपत. एक पडकं गाव लागतं, तिथे पवनचक्की आहे. चक्कीच्या पात्याला एका बुटक्याला बांधून गरगर फिरवलेलं असतं. शेजारी खोलीत दोन खटके. एकाने चक्की थांबते. मी बाहेर उरलेल्या गोब्लिनांना गोडीगुलाबीने वाटेला लावत होते. नवऱ्याचा स्वभाव असा की घरात नवा मिक्सर आला तरी माहितीपत्रक न वाचता बटण दाबणार. त्याने दुसरा खटका ओढला. चक्की थांबायच्या ऐवजी सुसाट सुटली आणि तो बुटका ओरडत ओरडत आकाशात गेला. लांबवर एक ठिपका दिसला, मग तोही नाही.

आम्ही दोघं एक मिनिट गप्प. मग मी म्हटलं, परत लोड कर. तो म्हणाला, नाही, झालं ते झालं. त्यावरून आमचं खरंखुरं भांडण झालं, पोळ्या करपल्या. आता पुढे कुठेही कोणी बुटका भेटला की नवरा खाली मान घालतो.

मला पाळीपाळीची मारामारी आधी आवडत नव्हती. पण दोघांत खेळताना तीच सोयीची. 'थांब, मी आधी जाते' असं म्हणायला वेळ तरी मिळतो.

एक मात्र ऐका. तळावर जाऊन रात्रीची झोप घ्यायला कंजूषपणा करू नका. शिधा साठवून ठेवतात लोक, मीही ठेवत होते. पण सोबत्यांच्या बहुतेक गप्पा, त्यांची दुखणी, सगळं झोपेच्या वेळीच निघतं. मी पहिले पंधरा तास झोपलेच नाही आणि 'हे सगळे इतके तुटक का वागतात' म्हणून तक्रार करत राहिले.

ओसरीवरची | १४ ऑगस्ट २०२३, सकाळी ७:२०

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, मित्राकडे बघून आला आणि मागे लागलाय. मेतकूट, तुमचं वाचून घरगुती वाटतंय. द्यावा का?

मेतकूट | १४ ऑगस्ट २०२३, सकाळी ७:५५

नका देऊ ताई. घरगुती आम्ही आहोत, गेम नाही. रक्त भरपूर, आणि प्रेमप्रकरणं अगदी शयनगृहापर्यंत. नग्नता झाकायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, पण संवाद आणि क्रौर्य झाकायचा नाही. हा प्रौढांसाठीच आहे.

भेंडी_ब्रुसेल्सची | १४ ऑगस्ट २०२३, दुपारी १:३०

त्याला त्याऐवजी 'राजी' द्या की ओसरीवरची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलाय, २०२० मध्ये आला. रोल प्लेइंग नाही, उड्या आणि मारामारीचा आहे, पण आपल्या पुराणातली दुनिया आणि भिंतीवरची चित्रं बघण्यासारखी आहेत. लहानही आहे, एका शनिवार-रविवारात आटपतो.

रच्याकने (बाय द वे), मी बेल्जियममध्ये असतो म्हणून सांगायची खुमखुमी. हा गेम करणारी लॅरियन ही कंपनी इथल्या गेंट गावची. ब्रुसेल्सहून आगगाडीने अर्धा-पाऊण तास. गावाच्या मधोमध ग्राव्हेनस्टेन नावाचा दगडी किल्ला आहे, भोवती पाणी. तिथे रोज फिरायला जाणारा माणूस अंधारकोठड्यांचेच गेम करणार.

१९९६ पासूनची कंपनी. मधल्या काळात दिवाळं निघता निघता वाचली, मग २०१४ च्या डिव्हिनिटी ओरिजिनल सिन या गेमने हात दिला. बाल्डर्स गेट ३ त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच अर्धवट अवस्थेत विकायला ठेवला होता, आणि जवळजवळ तीन वर्षं खेळणाऱ्यांचं ऐकत दुरुस्त करत बसले. त्यामुळे खडूस भाऊंची 'दोन वर्षं थांबा' ही अट एका अर्थी पुरी झालेली आहे. आत पैसे मागणारी दुकानंही नाहीत. एकदा घेतलात की संपूर्ण.

खडूस_कोल्हापुरी | १४ ऑगस्ट २०२३, दुपारी २:१०

तीन वर्षं लोकांना फक्त पहिला अंक खेळायला दिला होता. तो घासून पुसून लख्ख झालाय हे मान्य. तिसरा अंक कोणी चाखला होता? पंखा तेच सांगतोय वरती. माझं मत कायम.

भेंडी_ब्रुसेल्सची | १४ ऑगस्ट २०२३, दुपारी २:२५

हम्म. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निवांत_नाना | १४ ऑगस्ट २०२३, रात्री १०:३०

सर्वांचे आभार. बायकोला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "तीन दिवस तू यावर जितका वेळ घालवलास, तेवढ्यात पहिला अंक झाला असता."

तूर्त ठरवलंय की आधी रॅम आणि एसएसडी, ते काय लॅपटॉपला लागणारच होतं. (असं मी तिला सांगितलंय.) गेमचं दसऱ्याला बघू. तोवर दोन-तीन दुरुस्त्याही येतील, म्हणजे खडूस भाऊंनाही अर्धं समाधान.

एक शंका. मधेच सेव्ह करून, फासा वाईट पडला की परत लोड करायचं, हे चालतं का? की तो बाटलेपणा?

पोळीचा_लाडू | १४ ऑगस्ट २०२३, रात्री १०:३४

एफ५ ने सेव्ह, एफ८ ने लोड. माझ्या कीबोर्डवरचं ८ पुसलं गेलंय.

तिरका_फासा | १४ ऑगस्ट २०२३, रात्री १०:५०

माझ्या टेबलावर कोणी असं केलं तर भडंग बंद. अपयशाच्या वाटेवरसुद्धा त्यांनी गोष्ट लिहून ठेवलीये, मेतकूटचा उडालेला बुटका बघा. एफ८ दाबणारा निम्मा गेम न बघता जातो.

मेतकूट | १४ ऑगस्ट २०२३, रात्री ११:१०

नवऱ्याला हा प्रतिसाद दाखवणार नाही.

आठ_बावन्नची_फास्ट | १४ ऑगस्ट २०२३, रात्री ११:४०

वेळ कमी असलेल्याने बिनदिक्कत दाबावं. तत्त्वं वीकांतवाल्यांना परवडतात.

निवांत_नाना | १४ नोव्हेंबर २०२३, रात्री ८:१५

पाडव्याच्या शुभेच्छा! धागा वर काढतोय.

दसऱ्याला घेतला. आपट्याच्या पानासोबत २,९९९ ची यूपीआय पावती. उतरवायला शुक्रवार रात्र गेली. तीन आठवडे झाले, अजून पहिल्या अंकातच आहे आणि तीनदा नव्याने सुरुवात केलीये: आधी जादूगार, मग चोर, आता धर्मोपदेशक. पंखा म्हणाला तशीच परिस्थिती, तीस फ्रेम, आणि पंख्याचा (लॅपटॉपच्या, आयडीच्या नव्हे) आवाज हॉलपर्यंत जातो.

त्या आवाजानेच खरं नाट्य घडलं. अण्णा बातम्या सोडून 'काय गिरणी लावलीये' बघायला आले. तेव्हा पडद्यावर तो वीस बाजूंचा फासा घरंगळत होता. अण्णा थांबले. "कितीचं दान पडायला हवं?" म्हणाले. मी म्हटलं, बारा. पडले सात. मी सवयीने एफ८ दाबलं.

"हे काय केलंस?"

सांगितलं. अण्णांनी खुर्ची ओढली. सिन्नरजवळच्या आमच्या गावी चातुर्मासात देवळाच्या ओवरीत सोंगट्यांचा पट मांडायचे, कवड्या टाकून. तिथला एक गृहस्थ कवडी अर्धवट लवंडली की हात घालायचा, त्याला गावाने पुढे तीन वर्षं पटावर बसू दिलं नाही, ही कथा मी एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. "पडलेलं दान उचलायचं नसतं," म्हणाले आणि बसूनच राहिले.

तेव्हापासून रोज साडेनऊला येतात. इअरफोन बंद, एफ८ बंद. इंग्रजी संवाद फार भरभर जातात, ते मी थांबवून मराठीत सांगतो, त्यामुळे पाऊण तासात दोन माणसांशी बोलून होतं. आठ_बावन्न, तुमचे ३३ आठवडे विसरा.

मठ्ठ_मांजर | १४ नोव्हेंबर २०२३, रात्री ८:२०

अण्णांना साष्टांग. लाडूचं ८ नवीन बसवून घ्या.

खडूस_कोल्हापुरी | १४ नोव्हेंबर २०२३, रात्री ९:००

अण्णांसमोर नशिबाबद्दलचं माझं बोलणं मागे घेतो. किमतीबद्दलचं नाही.

तिरका_फासा | ८ डिसेंबर २०२३, सकाळी १०:०५

आज पहाटे द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून निवड झाली. लॅरियनचे प्रमुख स्वेन विंके चिलखत घालून बक्षीस घ्यायला गेले. मागच्या आठवड्यात पाचवी दुरुस्तीही आलीये. त्यात शेवटानंतरचा एक नवा प्रसंग आहे आणि 'ऑनर मोड' आहे, म्हणजे एकच सेव्ह, पडलेलं दान पडलेलं. अण्णांचा नियम बेल्जियमपर्यंत पोचलेला दिसतो.

खडूस_कोल्हापुरी | १९ एप्रिल २०२५, रात्री ९:२०

कबुलीजबाब. सेलमध्ये घेतला. मला हवी तेवढी किंमत काही उतरली नाही, पण आठवी दुरुस्ती या आठवड्यात आली, पात्रांचे बारा नवे उपवर्ग आले, आणि आता वेगवेगळ्या मशीनवरून एकत्र खेळता येतं. पुतण्याकडे प्लेस्टेशन, माझ्याकडे पीसी. त्याने आग्रह केला.

दुसरा अंक चालू आहे. चांगला आहे. ९५ टक्क्यांवर काल दोनदा चुकलो. जास्त बोलणार नाही.

नाना आहेत का इकडे? तिसरा अंक लागला का? १६५० वर चालला का?

निवांत_नाना | २० एप्रिल २०२५, सकाळी ११:०५

आहे आहे. तिसरा अंक मागच्या दिवाळीत लागला. बाजारात वीस-बावीस फ्रेम, कधी कधी तर स्लाइड शो. गर्दी कमी करायची सेटिंग करून भागवतोय. अजून संपलेला नाही. मध्ये अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने बंद होता, त्यांच्याशिवाय पुढे जायचं नाही असा करार आहे.

अण्णांची मतं ठाम आहेत. सोबत्यांपैकी लेझेलला 'ती हिरवट बाई' म्हणतात आणि तिच्या बोलण्याची त्यांना चीड आहे, पण मारामारीत आधी तिलाच पुढे पाठवायला लावतात. तळावरचा सांगाडा दोनशे मोहरा घेऊन मेलेल्याला उठवतो, हे कळल्यावर "एवढं स्वस्त नको होतं," म्हणाले. शॅडोहार्ट या दुसऱ्या सोबतिणीच्या देवीचं प्रकरण मात्र त्यांनी फार मनावर घेतलंय. काल दुपारी जेवताना मधेच विचारलं, "ती त्या देवीला सोडेल का रे?" बायकोला वाटलं शेजारच्यांकडे काही झालंय.

खडूस भाऊ, तुम्हाला आधी कळलं तर उत्तर इथे लिहू नका. अण्णा हा धागा वाचतात.

मठ्ठ_मांजर | २० एप्रिल २०२५, सकाळी ११:०८

अण्णा, नमस्कार. मांजराला वाट विचारलीत का?

निवांत_नाना | २० एप्रिल २०२५, सकाळी ११:३१

विचारली. अण्णा म्हणतात, नऊ पडले, मांजर बोललं नाही.